या आकड्याचा कागद कुठाय? पावसाच्या तीव्रतेचा तक्ता बांधताना

पुण्यात काल किती पाऊस झाला ते चहाच्या टपरीवरही कळतं. "शिवाजीनगरला ऐंशी झाला" असं कोणीतरी सांगतंच. पण तो ऐंशी मिलिमीटर किती वेळात झाला, असं विचारलं की टपरी गप्प होते. पावसाळी लाइनला मात्र नेमकं तेवढंच कळतं. जुलैत दिवसभर रिपरिप होऊन ऐंशी पडला तर लोक छत्र्या झटकत घरी जातात. ऑक्टोबरच्या संध्याकाळी तोच ऐंशी दीड तासात ओतला की रस्त्यावरून दुचाक्या वाहत जातात. दिवसाच्या नोंदीत दोन्ही दिवस सारखेच दिसतात.

म्हणून नाला, मोरी, पूल किंवा टाउनशिपचा निचरा आखताना लागतो तो तीव्रता, कालावधी आणि वारंवारता यांचा तक्ता, म्हणजे आपला आयडीएफ. १५ मिनिटांत, तासाभरात, सहा तासांत किती पडू शकतो, आणि तसा पाऊस सरासरी किती वर्षांनी एकदा येतो, हे तो सांगतो. तक्ता एका शहराचा असो, जिल्ह्याचा असो की देशाचा, काम त्याच क्रमाने जातं, फक्त केंद्रांची संख्या वाढते. मी हे काम पुण्यात बसून बरीच वर्षं करतोय. शिकवलं ते आमच्या साहेबांनी. त्यांचा एकच प्रश्न असायचा. कोणताही आकडा पुढे ठेवला की चष्मा वर सारून विचारायचे, "या आकड्याचा कागद कुठाय?" खालचं सगळं त्या प्रश्नाच्या धाकाने लिहिलेलं आहे.

आधी ठरवा, तक्ता कोणासाठी

शहरी निचऱ्यासाठी ५ किंवा १० मिनिटांपासून सुरुवात करावी लागते, कारण वस्तीतल्या छोट्या पाणलोटात पाणी दहा-पंधरा मिनिटांत तोंडाशी येतं. पूल-मोऱ्यांना तासांचे आकडे लागतात, मोठ्या नदीला २४ तास आणि त्याहून लांबचे. मी सहसा ५, १०, १५, ३०, ६० मिनिटं आणि २, ३, ६, १२, २४ तास असे दहा कालावधी धरतो. पुनरावृत्ती काळ, म्हणजे तसा पाऊस सरासरी किती वर्षांनी येतो तो, २, ५, १०, २५, ५०, १०० वर्षं. केंद्र सरकारच्या १९९३च्या मलनिस्सारण नियमपुस्तिकेत शहराच्या कडेच्या वस्तीतली पावसाळी गटारं वर्षातून दोनदा भरून वाहिली तरी चालतील, असं धरलेलं होतं. आजची बरीच जुनी लाइन त्याच हिशेबाची आहे, आणि २०१९ साली पावसाळी निचऱ्यासाठी वेगळी नियमपुस्तिका आली तरी जमिनीखालचा पाइप काही बदलला नाही. वर्षातून दोनदा येणारा पाऊस वार्षिक कमाल आकड्यांतून काढताच येत नाही, त्याला वर्षातले सगळेच मोठे पाऊस घेणारी वेगळी मालिका लागते. म्हणून आधी ठरवायचं.

मोठ्या धरणाचा सांडवा या तक्त्यावरून आखू नये. तिथे संभाव्य महत्तम पुराचा हिशेब लागतो, भारतीय मानक ११२२३ त्यासाठीच आहे. पानशेतच्या १२ जुलै १९६१च्या धरणफुटीनंतर पुणेकराला हे वेगळं सांगायला नको.

केंद्रांची नोंदवही

पाऊस गोळा करण्याआधी केंद्रं गोळा करा. प्रत्येक केंद्राला एक ओळ: नाव, जुनं नाव, अक्षांश, रेखांश, समुद्रसपाटीपासून उंची, मालक, मापकाचा प्रकार, कधी सुरू झालं, कधी हललं, कधी बंद पडलं. कंटाळवाणं काम आहे, पण निम्म्या चुका इथेच सापडतात.

पुण्याचंच घ्या. शिवाजीनगर वेधशाळा साधारण १८ अंश ३२ मिनिटं उत्तर, ७३ अंश ५१ मिनिटं पूर्व, उंची ५५९ मीटर. जुन्या यादीत अंश आणि मिनिटं मध्ये टिंब देऊन लिहिलेली असतात: १८.३२, ७३.५१. संगणकाला ते दशांश वाटतात. खरे दशांश १८.५३ आणि ७३.८५ आहेत. चुकीच्या आकड्यांनी नकाशावर टिंब लावलं की शिवाजीनगर थेट वेल्ह्याच्या पश्चिमेला घाटमाथ्याजवळ जाऊन बसतं. नुसती जागा चुकली असती तर एक वेळ चाललं असतं, पण घाटमाथ्यावर पाऊस पुण्याच्या कितीतरी पट. आता देशभराचा नकाशा काढणारं सॉफ्टवेअर बिचारं समजतं की घाटमाथ्यावर वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटरच पडतो, आणि आजूबाजूचे आकडे खाली ओढतं. ७३ च्या जागी चुकून ७२ टंकलं तर पुणे रेवदंड्यासमोर समुद्रात पडतं. ती चूक बरी, निदान दिसते तरी.

मी प्रत्येक केंद्र उपग्रह नकाशावर उघडून बघतो. सोबत उंचीही जुळवतो. नोंदवहीतली उंची आणि नकाशावरची उंची यांत पन्नास मीटरहून जास्त फरक आला की ते केंद्र बाजूला.

कोणाकडे काय मिळतं

पुण्यात बसून हे काम करायचं हे मोठं भाग्य आहे. भारतीय हवामान खात्याचं जुनं कार्यालय सिमल्याहून १९२८ साली इथे आलं, म्हणून चौकाला अजून सिमला ऑफिस म्हणतात. देशभरच्या केंद्रांचा ऐतिहासिक साठा सांभाळणारं राष्ट्रीय माहिती केंद्रही पुण्यातच. मागणी ऑनलाइन नोंदवायची, कशासाठी हवं ते लिहून द्यायचं, शुल्क भरायचं. मागताना "पुण्याचा पाऊस" असं मोघम मागू नका. "अमुक केंद्र, स्वयंलेखी मापकाची तासवार नोंद, अमुक वर्ष ते अमुक वर्ष, बारा महिने" असं मागा. शेवटचे दोन शब्द महत्त्वाचे, का ते पुढे येईल.

हवामान खात्याच्या पुण्यातल्या शास्त्रज्ञांनी तयार केलेली पाव अंशाच्या चौकटींची रोजच्या पावसाची जाळी १९०१ पासून उपलब्ध आहे. तपासणीसाठी, दुष्काळाच्या अभ्यासासाठी उत्तम. पण पाव अंश म्हणजे साधारण २७ किलोमीटर. चौकटीत सरासरी निघते तेव्हा टोकाचा पाऊस बोथट होतो, आणि मुळात ती रोजची आहे. तीव्रतेचा तक्ता तिच्यावरून बांधू नका.

जलसंपदा विभागाचं स्वतःचं मापकांचं जाळं आहे, त्याचं जलविज्ञानाचं काम नाशिकहून चालतं. महावेध प्रकल्पात राज्यातल्या दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित केंद्रं बसली. वय कमी आहे, दाटी मात्र भरपूर. काल रात्रीचा ढग कात्रजवर फुटला की सासवडवर, हे त्यांच्याशिवाय कळणार नाही. शंभर वर्षांच्या पावसाचा अंदाज मात्र त्यांच्यावरून काढायला अजून पुष्कळ पावसाळे जावे लागतील.

चार्ट वाचणं

आता खरं काम. २००० सालाच्या आधीची मिनिटांची माहिती जवळजवळ सगळी कागदावर आहे. सायफनच्या स्वयंलेखी मापकात एक ढोल घड्याळावर चोवीस तासांत एक फेरी मारतो, त्याला चार्ट गुंडाळलेला असतो. पाणी साठेल तसा तरंग वर येतो आणि पेन वर चढतं. दहा मिलिमीटर झाले की सायफन सुटतो, पाणी भसकन निघून जातं आणि पेन सरळ खाली शून्यावर येतं. मग पुन्हा चढण. चढण जितकी उभी तितका पाऊस जोराचा.

एकदा आमच्याकडे नवीन लागलेल्या मुलीला मी एक सप्टेंबरचा चार्ट वाचायला दिला. अर्ध्या तासाने ती भिंग घेऊन आली. "सर, इथे शाईचा डाग पडलाय. साडेसहाच्या पुढे काहीच दिसत नाही." मी बघितलं. डाग नव्हता तो. चार्टवर एका तासाला जेमतेम बोटभर जागा मिळते, आणि त्या बोटभर जागेत पेन सात वेळा वर जाऊन सात वेळा खाली आलं होतं. रेघा एकमेकींना चिकटून निळा पट्टा झाला होता. त्या वर्षातला सगळ्यात जोराचा पाऊस तोच, आणि तीच नोंद "डाग" म्हणून गळणार होती. सत्तर मिलिमीटरचा तास असाच दिसतो.

अशा ठिकाणी चार्ट किमान ६०० ठिपके प्रति इंच या दर्जाने स्कॅन करा आणि खाली येणाऱ्या उभ्या रेघा मोजा, चढणी नव्हे. उतरण्याच्या रेघा सरळ असतात, मोजायला सोप्या. प्रत्येक उतरणीला दहा मिलिमीटर, अधिक शेवटचा उरलेला तुकडा. सायफन सुटत असताना त्या काही सेकंदांत पडलेला पाऊस नोंदला जात नाही, म्हणून जोराच्या पावसात चार्टची बेरीज शेजारच्या साध्या मापकापेक्षा कमी भरते. रोज सकाळी साडेआठला निरीक्षक साध्या मापकातलं पाणी काचेच्या नळीत ओतून मोजतो, तो आकडा खरा धरायचा. चार्टची बेरीज ६६ आणि साधा मापक ७० दाखवत असेल तर चार्टचे सगळे तुकडे ७० भागिले ६६ या प्रमाणात वाढवायचे. खरं म्हणजे तूट जोराच्या तुकड्यातच जास्त असते, पण ती वेगळी काढत बसण्याइतका चार्ट अचूक नसतो. फरक दहा टक्क्यांच्या आत असेल तर हे चालतं. त्यापुढे गेला तर चार्टमध्ये काहीतरी बिघडलंय, गुणाकाराने ते झाकू नका.

बिघाडाच्या खुणा डोळ्यांत भरतात. पेन दहावर जाऊन आडवं चालत राहिलं तर सायफन सुटलाच नाही, पाणी थेंबाथेंबाने झिरपतंय. पेन ९.५ वरूनच खाली येत असेल तर सायफन लवकर सुटतोय, मग प्रत्येक उतरणीला दहा नाही, साडेनऊ धरा. पाऊस नसलेल्या दिवशीही रेघ हळूहळू खाली घसरत असेल तर टाकी गळतेय. आणि अगदी सपाट रेघ, शेजारी साध्या मापकात चाळीस मिलिमीटर, म्हणजे फनेलमध्ये पानं नाहीतर गांधीलमाशीचं घर. एका चार्टच्या पाठीवर निरीक्षकाने पेन्सिलीने लिहिलं होतं, "घड्याळ रात्री थांबले, सकाळी चालू केले." त्या माणसाचे उपकार मानावेत तेवढे थोडे. चार्टची पाठ स्कॅन करायला कधीही विसरू नका.

घड्याळ पुढे-मागे पळतं. चार्ट लावल्याची आणि काढल्याची खरी वेळ निरीक्षक लिहितो, चार्टवरची वेळ वेगळी दिसते. तो फरक चोवीस तासांत सारखा वाटून टाकायचा.

साडेआठचा घोळ

हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री पुण्यात आंबील ओढ्याला पूर आला. त्या रात्रीचा पाऊस नोंदीत २६ तारखेसमोर सापडतो. वर्तमानपत्रातली तारीख आणि वहीतली तारीख अशी एका दिवसाने चुकते, आणि कोणीतरी दोन्ही जोडून एकच पाऊस दोनदा मोजतो.

स्वयंचलित केंद्रांत आणखी एक गंमत. बऱ्याच फायलींत वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते. आपण साडेपाच तास पुढे. त्यामुळे तिथला पूर्ण तास आपल्या घड्याळात अर्ध्यावर येतो: साडेपाच ते साडेसहा, साडेसहा ते साडेसात. दोन संस्थांचे तासवार आकडे जुळत नाहीत म्हणून भांडत बसण्याआधी ही अर्ध्या तासाची सरक तपासा.

ढगाला तर कुठलंच घड्याळ माहीत नसतं. सव्वासहा ते सव्वासात पडलेला पाऊस तासातासाच्या दोन खान्यांत विभागला जातो आणि कोणत्याच खान्यात पूर्ण दिसत नाही. मिनिटांची माहिती असेल तर साठ मिनिटांची खिडकी सरकवत न्या आणि सगळ्यात मोठी बेरीज घ्या. ठरावीक खान्यांचीच माहिती असेल तर एका खान्याच्या कमाल आकड्याला १.१३ ने गुणायची जागतिक हवामान संघटनेची रीत आहे. रोजच्या आकड्यावरून चोवीस तास काढताना हा गुणक लागतोच. पण चोवीस तासवार खाने जोडून २४ तास काढत असाल तर गुणक १.०१ इतकाच उरतो. दोन्हीकडे १.१३ लावणारे अहवाल मी पाहिलेत.

बकेट उलटणारी केंद्रं

स्वयंचलित मापकात ०.२ किंवा ०.५ मिलिमीटर भरला की छोटी बादली उलटते आणि एक ठोका नोंदला जातो. पाऊस फार जोराचा असला की बादली उलटत असताना पडणारं पाणी मोजणीतून निसटतं, म्हणजे हाही मापक नेमका टोकाला कमी मोजतो. दुसरीकडे, देखभाल करणाऱ्याने नळीने पाणी ओतून तपासणी केली की कोरड्या फेब्रुवारीत दुपारी साडेबाराला पंचवीस मिलिमीटरचा पाऊस दिसतो. संशय आला की आजूबाजूची चार केंद्रं, उपग्रहाची ढगांची चित्रं आणि रडार बघा. पण शेजारी कोरडे आहेत एवढ्यावर आकडा खोडू नका. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला, आणि त्याच चोवीस तासांत वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्याला ७५च्याही आत. शेजारी बघून खोडायची पद्धत असती तर विसाव्या-एकविसाव्या शतकातली मुंबईची सगळ्यात महत्त्वाची नोंद कचऱ्यात गेली असती. खोडायला कागद लागतो: देखभालीची वही, बॅटरीची नोंद, काहीतरी.

झाडं वाढतात तेही बघा. मापकापासून अडथळा त्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर हवा. आवारात लावलेला गुलमोहर पंधरा वर्षांत मापकावर येतो आणि केंद्राचा पाऊस हळूहळू "कमी" होतो. केंद्राची वर्षांची बेरीज शेजाऱ्यांच्या सरासरी बेरजेसमोर मांडत गेलं की रेघेला जिथे बाक येतो तिथे काहीतरी झालेलं असतं.

वर्षाचा एक कमाल आकडा

प्रत्येक केंद्र, प्रत्येक वर्ष, प्रत्येक कालावधी: एक आकडा. ऐकायला सोपं. मघाशी "बारा महिने" म्हटलं ते इथे लागतं. पुण्याचा पाऊस म्हणजे जून ते सप्टेंबर असं समजून बऱ्याच जुन्या संग्रहांत तेवढ्याच महिन्यांचे चार्ट वाचलेले असतात. पण पुण्यातला जोराचा तास जुलैच्या मोसमी पावसात फारसा सापडत नाही, तो सापडतो मेच्या वळवात, जूनच्या सुरुवातीला, परतीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. ऑक्टोबर २०१० आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये शहर तुंबलं ते संध्याकाळ-रात्रीच्या काही तासांत. चार महिनेच वाचले तर २४ तासांचा तक्ता बरा निघेल आणि १५ मिनिटांचा लंगडा.

वर्ष कुठून कुठे धरायचं? महाराष्ट्रात जानेवारी ते डिसेंबर चालतं, कारण वर्ष बदलताना आपल्याकडे सहसा कोरडं असतं. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर ईशान्य मोसमी पाऊस डिसेंबरअखेरही चालू असतो, म्हणून राष्ट्रीय काम असेल तर १ जून ते ३१ मे असं जलवर्ष घ्या.

सगळ्यात घातक प्रश्न अर्धवट वर्षांचा. वीस दिवसांचे चार्ट नाहीत, बाकी वर्ष ठीक. ठेवायचं की टाकायचं? टक्केवारीचा नियम लावू नका. साध्या मापकाची रोजची वही उघडा. हरवलेल्या वीस दिवसांत मोठा पाऊस नसेल तर वर्ष ठेवा. वर्षातला सगळ्यात मोठा दिवस त्याच वीसांत असेल तर त्या वर्षाचा कमाल आकडा आपल्याकडे नाही, आणि हे प्रामाणिकपणे लिहा. मोठ्या पावसातच मापक बुडतं, वीज जाते, निरीक्षक अडकून पडतो. गहाळ नोंदी योगायोगाने गहाळ होत नाहीत.

एका केंद्राची २५ वर्षं तरी हवीत. तीस असतील तर उत्तम.

सूत्राचा मोह

छोट्या कालावधीची माहिती नसली की एक सूत्र सगळ्यांच्या हाताशी असतं, हवामान खात्याच्या नावानेच ते ओळखलं जातं. कालावधीला २४ ने भागा, घनमूळ घ्या, त्याने २४ तासांच्या पावसाला गुणा. एका तासासाठी गुणक येतो ०.३४७.

एकदा एका कार्यालयाकडून आम्हाला एका शहराचा "मोजलेला" तासवार कमाल पाऊस मिळाला, तीस वर्षांचा, सुबक छापलेला. साहेबांनी शेजारी रोजच्या कमाल पावसाचा रकाना लावायला सांगितलं आणि भागाकार करवला. पहिली ओळ ०.३४७. दुसरी ०.३४७. तिसरी ०.३४७. तिसांच्या तीस ओळी. कागदावर तासाचा पाऊस कुणी मोजलेलाच नव्हता. साहेबांनी चष्मा पुसला आणि चहा मागवला.

सूत्र वाईट नाही, पण त्याला हवेचा स्वभाव कळत नाही. लोणावळ्याला संथ मोसमी पावसात दिवसाला २५० मिलिमीटर पडला तर सूत्र म्हणतं तासाला ८७, प्रत्यक्षात तो दिवसभर पसरलेला असतो. पुण्यात ऑक्टोबरच्या दिवसाला ८० पडला तर सूत्र म्हणतं तासाला २८, आणि प्रत्यक्षात ते ८० दीड तासात पडून गेलेले असतात. साठ-पासष्ट किलोमीटरच्या अंतरात एकच सूत्र एकीकडे फुगवतं, दुसरीकडे बुडवतं. वापरावंच लागलं तर जवळच्या स्वयंलेखी केंद्रावरून घातांक स्वतः काढा, घनमुळाचा ३३ शतांशच धरून बसू नका. आणि तक्त्यात असे आकडे वेगळ्या रंगात छापा.

वक्र बसवणं

इथे लोक सगळ्यात जास्त वेळ घालवतात, आणि खरं तर इथे सगळ्यात कमी बिघडतं. वार्षिक कमाल आकड्यांची सरासरी आणि प्रमाण विचलन काढा. टोकाच्या आकड्यांसाठी वापरतात त्या गम्बेलच्या रीतीत पुनरावृत्ती काळाप्रमाणे एक गुणक ठरलेला: २ वर्षांना उणे ०.१६४, ५ ला ०.७१९, १० ला १.३०५, २५ ला २.०४४, ५० ला २.५९२, १०० ला ३.१३७. विचलनाला गुणकाने गुणून सरासरीत मिळवा.

समजा एका केंद्राच्या तीस वर्षांच्या तासवार कमाल पावसाची सरासरी ३८ मिलिमीटर आणि विचलन १३. दहा वर्षांचा तास ५५ मिलिमीटर, शंभर वर्षांचा ७८.८. आता दशांशाकडे बघू नका. तीस वर्षांच्या नोंदीत त्या ५५ चा नव्वद टक्के विश्वासाचा पट्टा ४७ ते ६३ आहे, आणि ७८.८ चा ६३ ते ९४. हा पट्टा तक्त्यात छापाच. अमेरिकेचा पावसाच्या तीव्रतेचा सरकारी तक्ता, नोआ ॲटलास १४, प्रत्येक आकड्याशेजारी तो देतो, आपल्याकडचे अहवाल क्वचित.

गम्बेलऐवजी त्याचंच मोठं रूप, व्यापक टोकमूल्य वितरण, घ्यायचं तर वक्राचा आकार ठरवणारा एक जादा आकडा येतो, आणि एकट्या केंद्राच्या तीस नोंदींवरून तो डळमळतो. तो अनेक केंद्रं एकत्र घेऊन काढावा. शिवाय प्रत्येक कालावधीचा वक्र वेगळा बसवला की कधीकधी वक्र एकमेकांना छेदतात: शंभर वर्षांचा ३० मिनिटांचा पाऊस ६० मिनिटांहून जास्त निघतो. असं निघालं की बहुतेक एखादा चार्ट चुकीचा वाचलाय. आधी कागद, मग गणित.

कालावधी चुकला तर काय होतं ते एका हिशेबात दिसेल. २० हेक्टरची वस्ती, वाहून जाणारा वाटा ०.८. ५५ मिलिमीटर तासाचा आकडा थेट घातला तर प्रवाह सेकंदाला २.४ घनमीटर. पण पाणी तोंडाशी पंधरा मिनिटांत येतं. घनमुळाच्या सूत्रानेही पंधरा मिनिटांत ३४.६ मिलिमीटर, म्हणजे तासाला १३९ च्या गतीने, आणि प्रवाह ६.२ घनमीटर. अडीच पट.

एका टिंबावरून नकाशाकडे

देशभराचं काम असेल तर केंद्रांचे गट पाडा. केंद्रीय जल आयोगाने पुराच्या अंदाजासाठी देशाचे २६ उपविभाग केलेत, सुरुवात तिथून करता येते. पुणे कृष्णा-पेन्नार उपविभागात, ३-एच मध्ये येतं. पण उपविभाग नदीच्या खोऱ्यावर आखलेत आणि पाऊस डोंगर बघून पडतो. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर, पुण्याला सातशेच्या घरात, दोन्ही भीमेच्याच खोऱ्यात. घाटमाथ्यापासूनचं अंतर आणि उंची यांवर गट पाडले तर जास्त खरे निघतात. गटातल्या प्रत्येक केंद्राच्या आकड्यांना त्याच केंद्राच्या सरासरीने भागा, मग सगळे एकत्र करून एकच वक्र बसवा. पाचशे केंद्रवर्षं एकत्र आली की वक्राचं शेपूट स्थिर होतं. एकाच ढगाने भिजवलेली शेजारशेजारची केंद्रं मात्र स्वतंत्र साक्षीदार नसतात, पाचशेचा अर्थ पाचशे घेऊ नका. ज्या जागी केंद्रच नाही तिथे फक्त सरासरी नकाशावरून वाचायची, वक्राचा आकार गटाचा.

हवामानबदलाचं काय, हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. हवा एक अंशाने तापली की तिच्यात मावणारी वाफ सुमारे सात टक्क्यांनी वाढते. त्याचा गुणक तक्त्यात मिसळू नका, शेजारी स्वतंत्र रकाना करा. न्यूझीलंडच्या राष्ट्रीय तक्त्यांत पुढच्या तापमानवाढीचे आकडे असेच वेगळे मिळतात. मिसळलं की दहा वर्षांनी मोजलेलं किती आणि धरलेलं किती, ते कोणालाच सांगता येणार नाही. तीस वर्षांच्या मालिकेत कल दिसला नाही म्हणजे बदल नाही, असंही लिहू नका. इतक्या छोट्या मालिकेत तो सहज लपतो.

छापताना

तक्त्याच्या डोक्यावर केंद्राचं नाव, नोंदीची वर्षं, गाळलेली वर्षं, वापरलेली रीत आणि आवृत्तीची तारीख. "शंभर वर्षांचा पाऊस" हे शब्द नगरसेवकांपुढे वापरायचे असतील तर खाली एक ओळ टाका: तीस वर्षांत असा पाऊस निदान एकदा येण्याची शक्यता सव्वीस टक्के. दहा वर्षांचा पाऊस दहा वर्षांत येण्याची पासष्ट. नाहीतर गेल्या वर्षी आला म्हणून आता नव्व्याण्णव वर्षं निवांत, असा अर्थ निघतो आणि त्यावर ठरावही होतो.

आमच्या फायलीत वार्षिक कमाल आकड्यांचा मूळ तक्ता असतो, आणि त्यात शेवटचा रकाना "कागद" नावाचा. चार्टचा क्रमांक, स्कॅनच्या फायलीचं नाव, किंवा स्वयंचलित केंद्राच्या फायलीतली ओळ. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात नवीन वर्षाची ओळ भरली जाते, म्हणजे उशिरा आलेले डिसेंबरचे आकडेही पोचलेले असतात. "कागद" रिकामा असेल तर ती ओळ पेन्सिलीने लिहायची, शाईने नाही. सध्या पेन्सिलीतल्या ओळी अकरा आहेत. त्यातली एक साहेबांच्या हस्ताक्षरातली.